वर चढलेलं कुंकू

"आपण काय करता?" हा प्रश्न पुण्यातल्या मंगल कार्यालयात जिलेबीच्या आधी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. "मी लग्नं लावते," मी म्हणते, "आणि मोडते." शेजारच्या बाई जरा सरकून बसतात. वधूवर मंडळ चालवत असेल म्हणावं, तर मोडते कशाला? वकील असेल, तर लावते कशाला? मी मठ्ठा मागून घेते, त्यांना थोडं तळमळू देते आणि मग सांगते, "रोबोंची."

यानंतर पंगत माझीच असते.

रोबो म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा तो लुकलुकत्या डोळ्यांचा पत्र्याचा माणूस विसरा. कारखान्यातला रोबो म्हणजे नुसता एक हात. खांदा, कोपर, मनगट, संपलं. तोंड नाही, त्यामुळे उलट बोलत नाही. या हाताला पंजा मात्र जन्मतः नसतो. आपण जशी पळी खाली ठेवून विळी ओढतो, तसा तो एक अवजार ठेवून दुसरं उचलतो. आत्ता वेल्डिंगची गन, मग लोखंडी सांगाडा उचलायचा चिमटा, मग पुन्हा गन. मनगटाला जे यंत्र ही अदलाबदल करून देतं त्याला टूल चेंजर म्हणतात. मनगटावर एक प्लेट, प्रत्येक अवजारावर एक प्लेट. मनगटावरचा नवरदेव, अवजारावरची नवरी. नवरदेव एक आणि नवऱ्या अनेक, पण कायद्याचं इथं काढू नका.

आता पळीला फक्त मूठ लागते. वेल्डिंगच्या गनला मात्र खूप काही लागतं. दाबायला हवा लागते, तापते म्हणून थंड पाणी लागतं, वीज लागते, आणि "मी नीट बसले आहे" हा निरोप रोबोला द्यायला बारीक तारा लागतात. हे सगळं दोन प्लेटा भिडताक्षणी एकदम जुळायला हवं, आणि सुटताना एकदम सुटायला हवं. पाण्याच्या तोंडाशी पाण्याचं तोंड, विजेच्या पिनेला विजेची टिकली. ही जी जुळण्याची जागा आहे ना, तिथं मी असते. शिवणे गावातल्या आमच्या छोट्या कारखान्यात या जोडण्या बनतात आणि त्या गिऱ्हाइकाकडे बसवून, चालवून, रुसल्या तर समजूत काढून देणं हे माझं काम.

लोकांना वाटतं, कठीण काम जोडण्याचं. अजिबात नाही. जोडायला कुणीही जोडतो. कसब सुटण्यात आहे. बागेची नळी पाणी चालू असताना नळावरून ओढून पाहा. तुम्ही भिजाल, भिंत भिजेल आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. आमच्या कपलिंगमध्ये, म्हणजे पाण्याच्या जोडणीत, दोन्ही बाजूंना आपापली झडप असते. ताटातूट झाली की दोघंही तत्क्षणी तोंड मिटतात. इतकं सभ्य वेगळं होणं मी माणसांत फार कमी पाहिलं आहे. तरीही दोन मिटलेल्या ओठांच्या मध्ये राईएवढी ओल उरतेच. तिला आम्ही नुसतं 'थेंब' म्हणतो. माझं सगळं आयुष्य त्या थेंबाच्या मागे गेलं. नवीन जागी गेले की मी कपलिंगखाली टीपकागद धरते. एका गिऱ्हाइकानं विचारलंही होतं, "मॅडम, आपण इंजिनिअर की पोस्टातून आलात?"

एक गंमत सांगते, मग मुख्य गोष्टीकडे येते. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यानं गुळाच्या ढेपा आणि खोकी उचलायला रोबो घेतला. बसवला, नारळ फुटला, फोटो झाले. थोड्याच दिवसांत रोबो मधूनच थांबायला लागला. शेटजींचं निदान तयार होतं: तुमच्या वायरी हलक्या. मी प्लेट उघडली, तर पिनांच्या मधून मुंग्यांची रांग चाललेली. काही हुतात्मे जागीच चिकटलेले. गुळाची पूड पिनांवर बसत होती आणि मुंग्यांना आपल्यासाठीच सण मांडलाय असं वाटत होतं. मी पिनांवर एक झाकण बसवलं, जुळायच्या वेळीच उघडणारं. शेटजी म्हणाले, "म्हणजे वायर चांगली होती?" मी म्हटलं, "वायर चांगली, गूळ चांगला. मुंग्यासुद्धा चांगल्या होत्या हो, फक्त भेट नको त्या ठिकाणी झाली."

माझ्या धंद्याचं सार हेच. एकेकटं सगळं चांगलंच असतं. बिघाड भेटीत असतो.

तर हडपसरच्या पुढे एक कारखाना आहे. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवतात. तिथं आमचा टूल चेंजर बसवून बरेच महिने झाले होते, आणि तो इतका गुणी की तिथले मेंटेनन्सचे प्रमुख परांजपे मला फोनसुद्धा करत नसत. परांजपे म्हणजे उंच, काटक, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं आणि प्रत्येक वाक्याला शेवटी बारीक काटा. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला.

"आपण कपलिंग विकता की करमणूक?"

"काय झालं?"

"रोबो गन उचलतो, दोन पावलं जातो आणि थांबतो. गन हातात आहे की नाही, हेच त्याला कळत नाही. कारण आमच्याकडे सापडलंय. आपण फक्त येऊन सही करायची."

मी येरवड्याहून निघाले. राहते मी येरवड्यात, जन्मापासून. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, सुटलात कधी. मी म्हणते, सुट्टीवर आहे.

कारखान्यात पोचले तर रोबोच्या जाळीबाहेर घोळका. परांजपे, त्यांची दोन माणसं, आणि जरा बाजूला वैशाली. वैशाली म्हणजे तो रोबो चालवणारी बाई. मांजरी गावाहून येणारी, तिशीची, दोन लेकरांची आई. बरीच वर्षं कंत्राटावर होती आणि त्याच दिवाळीत तिला कायम करायचं ठरत आलं होतं. मागच्या खेपेला तिनंच मला मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. आज तिचे डोळे सुजलेले होते.

परांजप्यांनी रोबोच्या मनगटाकडे बोट केलं. प्लेट गोल, घड्याळाच्या तबकडीएवढी. घड्याळच समजा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वर बाराच्या जागी विजेच्या पिना, खाली सहाच्या जागी पाण्याची कपलिंगं. पाणी खाली आणि वीज वर ही मांडणी मीच केलेली, कारण थेंब पडलाच तर जमिनीवर पडावा. आणि त्या बाराच्या जागी, माझ्या सोनेरी पिनांच्या मधोमध, लाल चिखल.

"खंडेनवमीचं कुंकू," परांजपे म्हणाले. "यंत्रांची पूजा. या बाईंनी रोबोलाही लावलं. पिना पुसल्या, रोबो चालला. सिद्ध झालं. आता परत थांबलाय, कारण फटीत राहिलं असणार. आपण लिहून द्या की बाहेरची घाण गेल्यानं बिघाड. आपलं कपलिंग सुटलं, माझी लाइन सुटली."

"आणि वैशाली?"

"त्यांचाही कारखाना सुटेल." चष्मा डोळ्यांवर आला. "सूचना लावली होती. यंत्राच्या विजेच्या भागांना काही लावू नये. स्वच्छ मराठीत."

वैशाली पुढे आली. "साहेब, मी वाचलं हाय ते. म्हणून तर वर न्हाय लावलं. वर वायरी हायत. मी खाली लावलं. कपाळाला न्हाय, पायाला लावलं."

"रोबोला पाय नसतात."

"मग खालच्या अंगाला. एवढंसं. बोट टेकवलं न् हात जोडला."

"आणि कुंकू आपलं आपण वर गेलं? लिफ्टनं?"

घोळका हसला. वैशाली हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला त्या बघण्याचा अर्थ कळत होता. माझ्या एका सहीनं आमचा कारखाना निर्दोष सुटत होता आणि तिची कायम व्हायची नोकरी जात होती.

मी बाजूला जाऊन आमचे मालक बर्गेसाहेब यांना फोन लावला. ते म्हणाले, "सुनंदाताई, कुंकू निघालं ना पिनांत? मग देव पावला. सही करा आणि या. जेवून या हवं तर."

देवाचं म्हणाल, तर आमच्या घरात आजोबांनी बुद्धाचा रस्ता धरला, तेव्हापासून पूजा आणि कुंकू दोन्ही नाही. त्यामुळे देव पावला की नाही हे ठरवायला मी अगदीच अपात्र. पण पाणी पावलं आहे की नाही, हे मात्र मला कळतं. आणि मला एक गोष्ट खटकत होती. कुंकू कोरडं असतं. पिनांमधला तो लाल चिखल होता. त्याला चिखल कुणी केलं?

मी परत जाऊन प्लेटच्या कडेला टॉर्च मारला. सहापासून बारापर्यंत, तीनच्या अंगानं, एक पुसट लाल ओघळ होता. सुतासारखा बारीक. खाली रुंद आणि वर निमुळता नव्हे. खाली पुसट आणि वर दाट. ओघळ ज्या दिशेनं वाहतो, तिकडे शेवटी रंग साचतो. म्हणजे हा ओघळ खालून वर गेला होता.

बाई खरं बोलत होती. आणि पाणी वर चढत होतं. यातलं पहिलं मला पटत होतं आणि दुसरं माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना पटलं नसतं.

"परांजपेसाहेब," मी म्हटलं, "सही करते. आधी एक करायचंय. वैशाली, कुंकू आहे का गं?"

"आता इथं हळदीकुंकू करणार का आपण?" परांजपे म्हणाले.

"हो. तुम्हालाही बोलावणं आहे."

एका मदतनीस बाईच्या डब्याच्या पिशवीतून कागदाची पुडी निघाली. मी पिना स्पिरिटनं लख्ख पुसल्या, सगळ्यांना दाखवल्या, एखादा जादूगार रिकामी टोपी दाखवतो तशा. ओघळही पुसला. मग वैशालीला म्हटलं, "लाव. तेव्हा लावलंस तसंच. तिथंच."

ती थबकली. हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही लावत न्हाय ना?"

"मी लावत नाही. तू लाव. ज्याला लावायचं त्याची हरकत दिसत नाहीये."

तिनं बोट टेकवलं. सहाच्या जागी, पाण्याच्या कपलिंगच्या कडेला, एक टिकली. कोरडी, गोल, सुबक. सवयीनं हात जोडले आणि मग परांजप्यांकडे बघून पटकन सोडले.

रोबो सुरू झाला. गन घे, गन ठेव, चिमटा घे, चिमटा ठेव. जाळीबाहेर माणसं वाढली. शेजारच्या लाइनवरचे आले, कँटीनचा आचारी आला. रोबोला हळदीकुंकू चाललंय ही बातमी कारखान्यात विजेच्या वेगानं जाते, तिला कपलिंग लागत नाही. मी मधूनमधून रोबो थांबवून टॉर्च मारत होते. सुरुवातीला टिकली जशीच्या तशी. मग तिची कड ओलसर झाली. मग त्या कडेतून एक लाल केस निघाला. आणि सगळ्यांच्या देखत, दर अदलाबदलीगणिक, तो वर सरकू लागला.

आचारी म्हणाला, "आयला."

परांजप्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. केस अजून वरच जात होता.

मी उत्तर शोधत होते प्लेटवर, आणि उत्तर प्लेटवर नव्हतं. ते मला सुचलं ते वैशालीनं मान वाकडी करून रोबोकडे बघितलं तेव्हा. सर्कशीतला माणूस उलटा लटकला की प्रेक्षक मान वाकडी करतात, तशी.

"हा गन ठेवायला जातो तेव्हा तू अशी का बघतेस?"

"त्यो उलटा व्हतो ना, ताई. पहिल्यांदा न्हाय व्हायचा. गन ठेवायचं स्टँड हलवल्यापासून व्हतो."

मी परांजप्यांकडे पाहिलं. "स्टँड कधी हलवलं?"

"दसऱ्याच्या साफसफाईत," ते म्हणाले. "जमिनीवर जागा खात होतं. आम्ही भिंतीला टांगलं. रोबोचा मार्ग नवा शिकवला. जागा वाचली."

मी रोबो अगदी सावकाश चालवायला सांगितला. हात गन घेऊन भिंतीकडे गेला, आणि पोचता पोचता मनगट गर्रकन फिरलं. शीर्षासन. माझं घड्याळ उलटं झालं. बारा खाली, सहा वर. त्या अवस्थेत गन सुटली, झडपांनी तोंडं मिटली, आणि राईएवढा थेंब सहाच्या जागेवरून निघून, गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण मान राखून, खाली बाराकडे गेला. माझ्या पिनांकडे. मग मनगट पुन्हा सरळ झालं, आणि बघणाऱ्याला वाटलं कुंकू वर चढलं.

आपल्याला डोकं वर आणि पाय खाली. रोबोला वर-खाली नसतं. त्याच्या मनगटाला आकाश आणि जमीन सारखीच. पाणी खाली, वीज वर असं मी अभिमानानं मांडलं होतं, पण ते जुन्या स्टँडपुरतं खरं होतं. पूजा आणि साफसफाई एकाच वेळी झाली, म्हणून दोष सगळ्यांत लाल दिसणाऱ्या गोष्टीवर गेला. थेंबाला रंग नसतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय गेला नाही. कारखान्यात तडे शोधायला आम्ही महागडा लाल रंग फवारतो, तो असा रेघेतून दिसून येतो. इथं ते काम एका पुडीतल्या चिमटीनं केलं होतं.

मग मी, इतके प्रेक्षक पुन्हा कधी मिळणार म्हणून, जाळीला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "परांजपेसाहेब, थेंब माझा. कोन तुमचा. कुंकू हिचं. त्यातलं फक्त कुंकू खरं बोललं."

टाळी कँटीनच्या आचाऱ्यानं वाजवली. परांजपे वाईट गृहस्थ नव्हेत. फक्त चूक मान्य करायची असली की पुण्यातल्या माणसाला आधी घसा साफ करावा लागतो. तो त्यांनी केला. वैशालीजवळ गेले आणि म्हणाले, "आपण खाली लावलं म्हणालात. खालीच लावलं होतं." एवढंच. तिनं मान हलवली. मला वाटतं, त्या कारखान्यात माफी याहून लांब लिहिण्याची पद्धत नव्हती.

"अहवालात हे कुंकू लिहायचं कसं?" त्यांनी मला विचारलं.

"लाल, कोरडा, देशी तपासणी-पदार्थ," मी म्हटलं. "आणि तपासनीस म्हणून वैशालीबाईंचं नाव."

त्यांनी तसंच लिहिलं. काटा असलेल्या माणसांचं हे एक असतं, विनोद पटला तर ते तो सरकारी भाषेत जतन करतात.

बर्गेसाहेबांना हे सांगणं जास्त अवघड गेलं. "निर्दोष सुटत होतो आपण," ते कळवळून म्हणाले. "कुणी मागितला होता कबुलीजबाब?" मी म्हटलं, "साहेब, सही केली असती तर वैशाली गेली असती, आणि रोबो उद्या परत थांबला असता. तेव्हा कुंकू कुणाचं काढलं असतं?" मग आमच्या शिवण्याच्या कारखान्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. पिनांची पेटी बाराच्या जागेवरून हलवून पाण्याच्या वाटेबाहेर, नऊच्या अंगाला नेली आणि तिच्याभोवती एक चिमुकली पन्हळ काढली. छपराला असते तशीच, पण नखाएवढी. मनगट कसंही फिरो, थेंब पन्हळीतून बाहेर. आणि गन सोडण्याआधी पाणी बंद करून त्या तोंडावर हवेची एक फुंकर मारायची, हे रोबोला शिकवलं. आई लेकराच्या खरचटण्यावर मारते तेवढी. आज आमच्या प्रत्येक प्लेटवर ती पन्हळ असते. खराडीच्या ऑफिसात बसणारा माझा भाचा म्हणतो, मावशी, याचं पेटंट घ्यायला हवं होतं. हवं होतं खरं. पन्हळ बघायला लोक येत नाहीत, हीच तिची अडचण. आमचं काम नीट झालं की ते दिसत नाही, आणि दिसलं की नीट झालेलं नसतं. याची रुखरुख लागते कधीकधी. म्हणून तर मी पंगतीत बोलते.

वैशाली त्या दिवाळीत कायम झाली. पेढे घेऊन शिवण्याला आली, सोबत एक छोटी वस्तू होती. पितळी करंडा, कुंकवानं भरलेला. "ताई, तुमच्या कामाला," ती म्हणाली. "तुम्हाला न्हाय."

तो करंडा तेव्हापासून माझ्या बॅगेत असतो, टीपकागद, टॉर्च आणि ओ-रिंगांच्या, म्हणजे कपलिंगच्या रबरी कड्यांच्या, डबीच्या शेजारी. एकदा आईच्या हाती लागला. आई ऐंशीची, आणि आजोबांची लेक शोभेल अशी कडक. करंडा उघडून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतली मी आठवले.

"हे काय गं, सुनंदा?"

"रोबोचं आहे, आई." आणि मी तिला सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, आचाऱ्याच्या टाळीसकट.

तिनं शांतपणे ऐकलं. करंड्याचं झाकण घट्ट लावून माझ्या बॅगेत परत ठेवलं. "लाव मग," ती म्हणाली. "पण पायालाच लावत जा. कपाळाला वायरी असतात."

आता कुठंही नवा टूल चेंजर बसवला, की मी तिथल्या रोबो चालवणाऱ्याला पुढे बोलावते आणि करंडा उघडते. सहाच्या जागी एक टिकली. मग दिवसभर रोबोनं हवी तितकी शीर्षासनं घालावीत, हवी तितकी लग्नं करावीत आणि मोडावीत. निघताना मी टॉर्च मारते. टिकली असते तिथंच, कोरडी, गोल, पायाशी. मग मी सही करते.